दौऱ्यावरचं नाटक दुय्यम नसतं

ब्रॉडवेवर गाजलेली एखादी म्युझिकल राष्ट्रीय दौऱ्यावर निघते आहे अशी घोषणा झाली, की अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत एक लाट उठते. गावांची यादी जाहीर होते आणि लोक त्यात आधी आपल्या गावाचं नाव शोधतात. ते सापडलं की फोन फिरतात, गट ठरतात, कोणी आईवडिलांसाठी तर कोणी शाळकरी मुलीसाठी तिकिटं काढायचं ठरवतं. प्लॅन उघडायच्या दिवशी माणसं सकाळपासून संगणकापुढे नंबर लावून बसतात. या उत्साहाकडे तुच्छतेने पाहण्याची एक रीत नाटकाच्या जाणकारांत पडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ नट नाहीत, मूळ नाट्यगृह नाही, नेपथ्य ट्रकमध्ये मावेल इतकं छाटलेलं, म्हणजे ही गाजलेल्या नावाची नक्कल. तिच्यासाठी जीव टाकणारा प्रेक्षक नाटकावर नाही, जाहिरातीवर भाळलेला असतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा सूर ऐकू येतो. ‘बघायचं तर न्यूयॉर्कलाच, नाहीतर नको’, हे वाक्य तिथे निकालासारखं उच्चारलं जातं.

हा निकाल मला मान्य नाही. तो चुकीच्या माहितीवर उभा आहे, आणि ज्या प्रेक्षकाच्या जिवावर ही कला उभी आहे त्याचाच तो अपमान करतो.

‘मूळ’ या कल्पनेपासूनच सुरुवात करू, कारण सगळा आक्षेप तिच्यावर टेकलेला आहे. ‘हेडिसटाउन’ ही म्युझिकल २०१९च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेच्या वॉल्टर कर नाट्यगृहात आली, तिने त्या वर्षी सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह आठ टोनी पुरस्कार मिळवले आणि २०२१च्या शरद ऋतूत ती राष्ट्रीय दौऱ्यावर निघाली. आक्षेप घेणाऱ्यांच्या हिशेबाने वॉल्टर करमधला प्रयोग मूळ आणि दौऱ्यातला नक्कल. पण या नाटकाचा जन्म कुठे झाला? व्हरमाँटमध्ये. अनाइस मिचेल या गीतकार-गायिकेने २००६ साली बॅरी आणि व्हर्जेन्स अशा छोट्या गावांत, हाताशी असलेल्या स्थानिक मंडळींना घेऊन त्याचा पहिला अवतार उभा केला, आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी एका जुन्या शाळेच्या बसमध्ये सामान टाकून आसपासच्या गावांत ते खेळत फिरली. त्यानंतर २०१० साली गाण्यांचा अल्बम आला. मग २०१६ साली न्यूयॉर्कचं ऑफ-ब्रॉडवे नाट्यगृह, २०१७ साली कॅनडातलं एडमंटन, २०१८ साली लंडन, आणि एवढी पायपीट झाल्यावर ब्रॉडवे. तेरा वर्षं गावोगाव फिरत, प्रत्येक ठिकाणी गाणी बदलत, निवेदन जोडत, पात्रांची वळणं सुधारत हे नाटक घडलं. मग यातला मूळ प्रयोग कोणता म्हणायचा? हे नाटक दौऱ्यावर निघालं तेव्हा ते आपल्या पहिल्या सवयीकडे परतलं, असंच मी म्हणेन. मराठी वाचकाला तर हे नवं वाटायला नको. आपल्या रंगभूमीचा आरंभ आपण १८४३च्या सांगलीपासून मोजतो. मुंबईने ती नंतर पाहिली.

आणि ‘हेडिसटाउन’ हा काही अपवाद नाही. ब्रॉडवेवर येण्याआधी बाहेरच्या गावांत नाटक तपासून घ्यायचं ही तिथली जुनी पद्धत आहे. न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, डेट्रॉइट इथल्या प्रेक्षकांनी जी नाटकं घासूनपुसून दिली त्यांची यादी फार मोठी आहे. ‘ओक्लाहोमा!’ १९४३ साली न्यू हेवनला वेगळ्याच नावाने लागलं होतं. बॉस्टनच्या मुक्कामात त्याच्या एका गाण्याला समूहगानाचं रूप मिळालं, त्याच गाण्याचं नाव नाटकाने घेतलं, आणि मग न्यूयॉर्कला २,२१२ प्रयोग झाले. त्याचा दौरा त्याच वर्षी सुरू झाला आणि सुमारे दहा वर्षं चालला. १९६२ साली ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ वॉशिंग्टनला थंड पडलं. हे प्रहसन आहे हेच प्रेक्षकांना पहिल्या गाण्यातून कळत नव्हतं. तिथल्या त्या शांत खुर्च्यांनी स्टीफन सोंडहाइमना सुरुवातीचं गाणं नव्याने लिहायला लावलं आणि नाटक तरलं. ‘विकेड’ २००३च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत तपासलं गेलं आणि बऱ्याच डागडुजीनंतर ऑक्टोबरात ब्रॉडवेवर आलं. नाटक घडवताना ज्या शहरांच्या पसंतीवर भरवसा ठेवला, त्याच प्रकारच्या शहरांनी ते तयार झाल्यावर आनंदाने पाहिलं तर त्यांना अडाणी का म्हणायचं?

आता छाटलेल्या नेपथ्याचा आक्षेप. दौऱ्यासाठी नेपथ्य बदलतं हे खरं आहे. एका गावचा शेवटचा खेळ रविवारी रात्री संपवून पुढच्या गावी मंगळवारी पडदा उघडायचा असेल, तर रंगमंचाच्या पोटात बसवलेली यंत्रणा सोबत नेता येत नाही. पण बदललं म्हणजे कमअस्सल झालं, ही उडी मारता येणार नाही. ‘ले मिझराब्ल’चं उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे. १९८५च्या लंडनच्या आणि १९८७च्या ब्रॉडवेच्या प्रयोगाची ओळखच जॉन नेपियर यांचा फिरता रंगमंच ही होती. पंचविसाव्या वर्षी दौऱ्यासाठी जी नवी मांडणी केली गेली तिच्यात फिरता रंगमंच काढून टाकला आणि त्याऐवजी मूळ कादंबरीकार व्हिक्टर ह्युगोने स्वतः काढलेल्या चित्रांवरून स्फुरलेली दृश्यं पडद्यावर आणली. जाणकारांनी नाकं मुरडली. पुढे काय झालं? २०१४ साली ‘ले मिझराब्ल’ ब्रॉडवेवर परतलं ते याच दौऱ्याच्या मांडणीत. लंडनमध्येही २०१९ साली जुना प्रयोग थांबवला गेला आणि त्याच्या जागी हीच मांडणी आली. मला स्वतःला तो फिरता रंगमंच अधिक प्रिय आहे. अडथळ्यांच्या ढिगाऱ्यामागून दुसरी बाजू हळूहळू समोर यायची, तो परिणाम नव्या मांडणीत नाही. पण ज्याला दौऱ्याची काटछाट म्हटलं गेलं तेच पुढे ब्रॉडवेचं आणि लंडनचं अधिकृत रूप झालं, ही वस्तुस्थिती माझ्या आवडीनिवडीने बदलत नाही.

नटांच्या प्रश्नावर मराठी प्रेक्षकाची अडचण मी समजू शकतो. आपल्याकडे शिवाजी मंदिरात जो संच रंगतो तोच रात्रीच्या बसने कोल्हापूरला जातो. एखादी भूमिका बदलली तर ‘रिप्लेसमेंट आहे’ म्हणून प्रेक्षक जरा खट्टू होतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला भारतातून नाटक येतं तेव्हाही नावाजलेल्या नटांना पाहायलाच गर्दी होते. ब्रॉडवेची व्यवस्था निराळी आहे. तिथे न्यूयॉर्कचा प्रयोग पुष्कळदा आठवड्याला आठ खेळ करत चालूच असतो आणि दौऱ्यासाठी दुसरा संच स्वतंत्र निवडून, स्वतंत्र तालमी देऊन उभा केला जातो. आणि न्यूयॉर्कला गेलात तरी पहिला संच मिळेलच असं कुठे आहे? वर्ष-दीड वर्षात तिथले मुख्य नट बदललेले असतात. तिथेही आपण रिप्लेसमेंटच पाहत असतो, फक्त तिकिटावर न्यूयॉर्कचा पत्ता असतो.

दुसरा संच म्हणजे दुय्यम संच, या समजाला टोनी पुरस्कारांनीच फार पूर्वी उत्तर दिलेलं आहे. एथेल मर्मन ब्रॉडवेवर ‘अॅनी गेट युअर गन’ गाजवत असताना १९४७ साली मेरी मार्टिन तीच मुख्य भूमिका घेऊन दौऱ्यावर निघाल्या, आणि १९४८ साली त्यांना खास टोनी देण्यात आला. मूळ कलावंत न्यूयॉर्कमध्ये असताना उरलेल्या देशापर्यंत नाटक नेल्याबद्दल तो होता. पुढच्याच वर्षी त्या ‘साउथ पॅसिफिक’च्या नायिका झाल्या. मूळ नटांनी दौऱ्याकडे पाठ फिरवली असंही नाही. यूल ब्रिनर यांनी ‘द किंग अँड आय’मधला राजा आयुष्यात ४,६२५ वेळा उभा केला. १९८०च्या दशकात त्यांनी देशभर केलेला लांबलचक दौरा त्यातच आला. अगदी अलीकडे ‘द बँड्स व्हिजिट’चा दौरा निघाला तेव्हा वाद्यवृंदाच्या प्रमुखाच्या भूमिकेत सॅसन गबाय होते. ज्या चित्रपटावरून ते नाटक बेतलं, त्यात ती भूमिका त्यांनीच केली होती.

आता सर्वांत बोचरा आरोप. या प्रेक्षकाला गाणी आधीच पाठ असतात, नटी रंगमंचावर आली की तो टाळ्या वाजवतो, त्याला नाटक नको असतं, ओळखीचं काहीतरी पुन्हा हवं असतं. माझ्या मते गाणं आधीपासून ठाऊक असणं ही प्रेक्षकाची तयारी असते. ‘हॅमिल्टन’ घ्या. २०१५ साली ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहाच्या सुमारे तेराशे खुर्च्यांत देश मावणार नव्हता. लोकांनी ध्वनिमुद्रण ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. तो रॅपचा वेग, एकात एक गुंफलेल्या यमकांची वीण, अठराव्या शतकातल्या अर्थखात्याचं राजकारण, हे पहिल्या ऐकण्यात हाती लागणारं नाही. मार्च २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दौरा सुरू झाला तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक अभ्यास करून आलेला होता. एखादी ओळ ठाऊक असलेला माणूस ती ओळ कोणत्या नजरेने, कोणत्या हालचालीवर, किती थांबून म्हटली जाते ते पाहतो. संगीत नाटकांचे आपले पूर्वज पदं पाठ करूनच जात आणि तरीही ‘वन्स मोअर’ची हाक देत. त्यांना कोणी जाहिरातीला भुललेले म्हटलं नाही, रसिक म्हटलं. तो शब्द सिनसिनाटीसारख्या दौऱ्याच्या गावातल्या प्रेक्षकालाही द्यायला हवा.

जाणता प्रेक्षक न्यूयॉर्कचा आणि भाबडा प्रेक्षक बाहेरगावचा, ही विभागणी तर हिशेबातच टिकत नाही. २०१८-१९च्या हंगामात ब्रॉडवेवर सुमारे १ कोटी ४८ लाख तिकिटं खपली. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश प्रेक्षकांचं घर न्यूयॉर्क परिसरात नव्हतं. ते देशातून आणि परदेशातून आलेले पाहुणे होते. ओहायोचा माणूस विमानाने येऊन न्यूयॉर्कच्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात बसला की तो रसिक, आणि तेच नाटक त्याच्या गावी आलं की तो बाजारू, असा न्याय कोणत्या तराजूत बसतो? त्याच हंगामात दौऱ्यांच्या प्रयोगांना आलेली माणसं ब्रॉडवेच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त होती. या देशात ‘ब्रॉडवे म्युझिकल’ म्हणून जे पाहिलं जातं, ते बहुतेकांनी आपापल्या शहरात पाहिलेलं असतं.

‘फक्त गाजलेली नावं चालतात’ असं म्हणणाऱ्यांनी दौऱ्याची आर्थिक घडी नीट पाहिलेली नाही. मोठ्या शहरांतली नाट्यगृहं वर्षभराची वर्गणी घेतात आणि वर्गणीदार सहा-सात नाटकांची तिकिटं एकदम काढतात. त्यात एखादं ‘द लायन किंग’ असतं, पण त्याच्या शेजारी ज्याचं नावही ऐकलेलं नाही असं नाटकही असतं. ‘द बँड्स व्हिजिट’ असंच देशभर पोचलं. चुकीच्या गावी उतरलेला इजिप्तच्या पोलिसांचा वाद्यवृंद इस्रायलच्या वाळवंटात एक रात्र काढतो, एवढीच त्याची कथा. मोठा नाच नाही, भपका नाही. ‘फन होम’ची गोष्ट तर याहून अवघड. समलिंगी व्यंगचित्रकार मुलगी, स्वतःचं समलिंगी असणं लपवत जगलेले आणि अखेर मरण पावलेले तिचे वडील, आणि त्यांच्या मृत्यूचा अर्थ लावू पाहणारी तिची प्रौढ नजर. ब्रॉडवेवर ते प्रेक्षकांनी चारी बाजूंनी वेढलेल्या छोट्या नाट्यगृहात झालं होतं. त्याचा राष्ट्रीय दौरा ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाला तो ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये, प्लेहाउस स्क्वेअरला. अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली होती, आणि त्या राज्यातले वर्गणीदार रोज संध्याकाळी येऊन हे नाटक पाहत होते. वर्गणी नसती तर त्यांतले कितीजण केवळ विषय वाचून आले असते?

क्लीव्हलँडचंच नाव निघालं आहे तर जरा थांबतो, कारण दौरे स्थानिक रंगभूमी गिळतात असाही एक आक्षेप आहे. प्लेहाउस स्क्वेअरची नाट्यगृहं १९२१-२२ साली बांधली गेली आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांतली बहुतेक एकेक करून बंद पडली. १९७२ साली त्यांतली दोन पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करण्याचं घाटत होतं. रे शेपर्डसन नावाच्या एका शिक्षण खात्यातल्या माणसाने लोक गोळा केले आणि १९७३ साली स्टेट नाट्यगृहाच्या लॉबीत एक छोटा गाण्यांचा प्रयोग लावला. तो काही आठवडे चालायचा होता. दोन वर्षांहून जास्त चालला. त्या गर्दीने इमारती वाचवल्या. आज त्याच संकुलात दौऱ्यांच्या मालिकेचे चाळीस हजारांवर वर्गणीदार आहेत आणि तिथेच शहराच्या स्वतःच्या नाटकमंडळींचे प्रयोगही होतात. अटलांटाचं फॉक्स नाट्यगृहही १९७०च्या दशकात एका टेलिफोन कंपनीच्या इमारतीसाठी जमीनदोस्त व्हायचं होतं. नागरिकांनी चळवळ करून ते वाचवलं. दौरा गावात येतो तेव्हा स्थानिक रंगमंच कामगारांना ट्रक रिकामा करण्यापासून काम मिळतं आणि वाद्यवृंदात गावचे वादक बसतात. छोट्या स्थानिक संस्थांचा प्रेक्षक कमी होतो आहे हे दुःख खरं आहे. त्याची कारणं भाडी, अनुदानं आणि घरबसल्या मिळणारी करमणूक यांत शोधावी लागतील. नाट्यगृहात जायची सवय ज्याने टिकवली त्या माणसावर तो आळ घालू नये.

दौरा फक्त तयार माल पोचवतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रसंग. ‘पोर्गी अँड बेस’ १९३६च्या मार्चमध्ये दौऱ्याच्या शेवटच्या मुक्कामाला वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. रंगमंचावरचे कलावंत कृष्णवर्णीय, आणि प्रेक्षागृहात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांबरोबर बसायला बंदी. टॉड डंकन आणि अॅन ब्राउन या मुख्य कलावंतांनी अशा प्रेक्षागृहापुढे गाणार नाही असं सांगितलं. काही खेळांपुरती सवलत देण्याची तडजोड पुढे आली, तीही डंकन यांनी नाकारली. व्यवस्थापन नमलं आणि त्या मुक्कामात तिथे सर्व वर्णांचे लोक एकत्र बसले. नंतर बंदी पुन्हा आली हेही सांगायला हवं. १९४८ साली नटांच्या इक्विटी या संघटनेने तिथे काम करायला नकार दिला, मालकांनी बंदी उठवण्याऐवजी नाट्यगृहाचा सिनेमा केला, आणि १९५२ साली ते सर्वांसाठी खुलं होऊनच पुन्हा नाटकाचं झालं. न्यूयॉर्कच्या सुरक्षित चौकात राहिलं असतं, तर ‘पोर्गी अँड बेस’ला वॉशिंग्टनमधल्या त्या दाराशी भिडावंच लागलं नसतं.

महासाथीतलीही एक तारीख विसरू नये. १२ मार्च २०२० रोजी ब्रॉडवे बंद झालं. ब्रॉडवेवर म्युझिकल पुन्हा सुरू झाल्या त्या २ सप्टेंबर २०२१ला. त्याच्या महिनाभर आधी, ३ ऑगस्टला, डॅलसमध्ये ‘विकेड’चा दौरा उभा राहिला होता. दीड वर्षं घरी बसलेल्या नटांना, वादकांना, कपडेपटाच्या माणसांना पहिलं काम दिलं ते या हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या प्रेक्षकाने.

दौऱ्यांच्या बाजूने बोलताना त्यांचे दोष मी झाकणार नाही. अटलांटाच्या फॉक्समध्ये साडेचार हजारांहून अधिक खुर्च्या आहेत; तिथे मागच्या रांगेतून नटाचा चेहरा दिसत नाही आणि जवळिकीवर उभं असलेलं नाटक तिथे पातळ होतं. गाजलेल्या नाटकांची तिकिटं दलालांच्या हाती जाऊन भलत्या भावाने विकली जातात. ‘हॅमिल्टन’ने दहा डॉलरच्या तिकिटांची सोडत दौऱ्यातही ठेवली हे चांगलं केलं, पण सोडत म्हणजे हक्क नव्हे. सगळ्यांत गंभीर गोष्ट अशी की काही दौरे इक्विटीच्या कराराबाहेर, कमी वेतनावर काढले जातात आणि जाहिरातीत मात्र ‘ब्रॉडवे’ हाच शब्द मोठा असतो. प्रेक्षकाच्या उत्साहाचा असा गैरफायदा घेतला जातो. या तिन्ही गोष्टींचा जाब निर्मात्यांना, नाट्यगृहांना आणि दलालांना विचारायला हवा. आजचे टीकाकार मात्र तो तिकीट काढणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला विचारतात.

तिकीट, विमान, हॉटेल असा चार माणसांचा न्यूयॉर्कचा खर्च ज्यांना सहज परवडतो, त्यांनी जरूर तिथे जाऊन नाटक पाहावं. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्या आनंदाला नक्कल म्हणण्याचा अधिकार त्या खर्चातून मिळत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या शहरात यंदा जो दौरा येणार असेल, त्याचं तिकीट नाट्यगृहाच्या स्वतःच्या तिकीटबारीवरूनच काढा, दलालाकडून नको. काढताना विचारा की हा इक्विटीचा दौरा आहे का. इक्विटी स्वतः प्रेक्षकांना हा प्रश्न विचारायला सांगते. वर्गणी परवडत असेल तर घ्या, आणि त्यातलं ज्याचं नाव ऐकलेलं नाही ते नाटक चुकवू नका. मुलांना सोबत न्या.